बाबांच्या मालिकेचे हक्क: सव्वीस कॅसेटी, चौदा सह्या, दोन वर्षं

२८ मार्च २०२० ला दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा सुरू झालं. लॉकडाऊनचे दिवस. बाबा सकाळी नऊच्या आत आंघोळ, पूजा उरकून टीव्हीसमोर बसायचे. एक दिवस भाग संपल्यावर म्हणाले, “तेहतीस वर्षांनी परत लागली बघ. हक्क घरात राहिले म्हणून.” मग माळ्याकडे बघत हळूच म्हणाले, “आपलेही घरातच आहेत.”

माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत बाबांच्या मालिकेच्या कॅसेटी होत्या. १९९५ साली मुंबई दूरदर्शनवर लागलेली, सव्वीस भागांची, तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालाची गोष्ट. निर्माते आणि दिग्दर्शक बाबाच. सगळं चित्रीकरण वाईला झालं होतं. एप्रिल २०२१ मध्ये बाबा गेले. ती ट्रंक खाली काढायला मला ऑगस्ट २०२३ उजाडला.

मी ठाण्यात एका बँकेत नोकरी करते. टीव्हीच्या धंद्यातलं मला काही कळत नव्हतं. ‘सिंडिकेशन कंपनी’ हा शब्दही मी तोपर्यंत ऐकला नव्हता. या कंपन्या निर्मात्यांकडून तयार कार्यक्रमांचे हक्क घेतात आणि ते चॅनल, ओटीटी, विमान कंपन्या, परदेशातले प्लॅटफॉर्म अशा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना ठराविक मुदतीसाठी देतात, एवढं कळायलाच मला दोन महिने लागले. अनेक घरांत अशा ट्रंका असतील, म्हणून तारखा आणि खर्चासकट सगळं लिहून ठेवते आहे.

पहिला फोन केला तो बाबांच्या मालिकेचं संकलन केलेल्या काकांना. त्यांनी कॅसेटींबद्दल काही विचारलंच नाही. म्हणाले, “स्पॉन्सर्ड होती की कमिशन्ड, ते आधी शोध. कमिशन्ड असेल तर ट्रंक बंद करून ठेव.”

त्या काळी दूरदर्शनवर मालिका मुख्यतः या दोन वाटांनी यायच्या. कमिशन्ड मालिकेचा खर्च दूरदर्शन करायचं आणि मालकीही दूरदर्शनची असायची. स्पॉन्सर्ड मालिका निर्मात्याने स्वतःच्या नाहीतर प्रायोजकाच्या पैशांतून बनवायची, दूरदर्शनला टेलिकास्ट फी भरायची आणि त्याबरोबर मिळणारा जाहिरातींचा वेळ, ज्याला सगळे एफसीटी म्हणतात, तो विकून खर्च भरून काढायचा. या दुसऱ्या वाटेच्या मालिकांचे हक्क बहुधा निर्मात्याकडे राहिले. पुढे अल्फा मराठी १९९९ ला आणि ई टीव्ही मराठी २००० ला आलं, आणि व्यवहाराची रीत बदलली. खासगी चॅनल भागामागे ठरलेली रक्कम देतं आणि साधारणपणे सगळे हक्क स्वतःकडे घेतं. त्यामुळे नंतरच्या कितीतरी गाजलेल्या मालिकांच्या निर्मात्यांकडे आज विकायला काहीच नाही, आणि बाबांसारख्या छोट्या निर्मात्याच्या घरात मात्र सव्वीस भागांची मालकी आहे. हे समजलं त्या रात्री मला झोप आली नाही.

बाबांची फाइल ट्रंकेतच होती. हिरवी, सुतळीने बांधलेली. वरळीच्या दूरदर्शन केंद्राचं मंजुरीचं पत्र त्यात सापडलं, टेलिकास्ट फी भरल्याच्या पावत्याही सापडल्या. मालिका स्पॉन्सर्ड होती. तुमच्याकडे अशी फाइल असेल तर तिच्यातला एकही कागद टाकू नका. पुढे ज्या पावत्यांच्या जोरावर काम झालं, त्या मी पहिल्या दिवशी रद्दीच्या ढिगात ठेवल्या होत्या आणि आईने त्या परत उचलून आणल्या.

आता कॅसेटी. सगळ्या बीटाकॅम एसपी, म्हणजे त्या काळी टीव्हीच्या कामासाठी वापरायचे त्या प्रकारच्या व्हिडिओ कॅसेटी. सोनीने २०१६ मध्ये बीटाकॅमच्या कॅसेटी बनवणंच थांबवलं, आणि चालू स्थितीतली मशीनं दरवर्षी कमी होत चालली आहेत. म्हणून कागदपत्रांची वाट न बघता आधी डिजिटाइझ करून घ्यायचं, असं काकांनी बजावलं. अंधेरीत एका छोट्या स्टुडिओत दर ठरला कॅसेटमागे १,५०० रुपये. सहा कॅसेटींवर बुरशी होती. खिडकीच्या उजेडात धरल्यावर फितीच्या गुंडाळीवर तांदळाच्या पिठाच्या रांगोळीसारखी पांढरी नक्षी दिसत होती. अशी कॅसेट मशीनमध्ये घातली तर मशीनचं हेड खराब होतं आणि पाठोपाठ लावलेल्या चांगल्या कॅसेटींनाही लागण होते. त्यांची साफसफाई वेगळी, कॅसेटमागे ९०० रुपये.

स्टुडिओत मी दोन शनिवार बसून होते. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला रंगीत पट्टे येतात, त्यांच्याबरोबर एक लांबच लांब शिट्टीसारखा आवाज, मग पाटी: मालिकेचं नाव, भाग क्रमांक, कालावधी. चौथ्या भागाच्या पाटीवर एक बोट दिसलं, पाटी सरळ करताना राहिलेलं. करंगळीशेजारचं, अंगठी घातलेलं. ती अंगठी आता दादाच्या बोटात आहे.

इथे एक गोष्ट मला काकांमुळे कळली आणि तिने पुढे पैसे वाचवले. डिजिटाइझ करताना आवाजाचे सगळे ट्रॅक वेगवेगळे उतरवून घ्या. आमच्या बहुतेक कॅसेटींत एका ट्रॅकवर पूर्ण मिक्स होता आणि दुसऱ्यावर संवाद सोडून फक्त संगीत आणि आवाज. याला एम अँड ई म्हणतात. दुसऱ्या भाषेत डबिंग करायचं तर तो ट्रॅक लागतोच. स्टुडिओवाला मुलगा दोन्ही ट्रॅक एकत्र करून देणार होता, कारण बहुतेक गिऱ्हाइकं तसंच मागतात. चित्राची फाइलही कमी दाबलेली, म्हणजे कमी कॉम्प्रेस केलेली घ्या. आमच्या अशा, प्रोरेस नावाच्या प्रकारातल्या फाइली भागामागे सुमारे दहा जीबीच्या झाल्या. दोन हार्ड डिस्क घेतल्या. एक ठाण्यात आहे, एक दादाच्या घरी नाशिकला.

डिसेंबर २०२३ मध्ये पंचवीस भाग हातात आले. सतरावा भाग गेला होता. त्याची फीत बुरशीने एकमेकीला चिकटली होती आणि सोडवताना तुटली. स्टुडिओतल्या मुलाने तिचे दोन तुकडे मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले. आईला ते सांगायला मला चार दिवस लागले.

जानेवारी २०२४ मध्ये एका वकीलताईंना भेटले. त्या कॉपीराइट कायद्यातलं काम करतात. पहिल्या भेटीत त्यांनी कोऱ्या कागदावर मालिकेचं नाव लिहून त्याभोवती वर्तुळ काढलं आणि मग एकेक रेघ ओढत गेल्या: कथा, पटकथा, संवाद, शीर्षकगीत, संगीत, कलाकार, वारस. प्रत्येक रेघेच्या टोकाला एक कोरी जागा. “या सगळ्या जागी सह्या आल्या की तुमच्याकडे चेन ऑफ टायटल आहे. सिंडिकेशन कंपनी तुमच्याकडून तेच विकत घेते. मालिका किती छान आहे, ते नंतर बघतात.”

वारसांपासून सुरुवात केली. बाबांची संस्था प्रोप्रायटरी होती, म्हणजे हक्क बाबांची वैयक्तिक मालमत्ता, आणि मृत्युपत्र नव्हतं. वारस कोण? मी म्हटलं आई, दादा आणि मी. ताई म्हणाल्या, “बाबांची आई आहे का?” हिंदू वारसा कायद्यात मृताची आईही पहिल्या वर्गातली वारस असते. आजी सातारला काकाकडे राहते, नव्वदीला आली आहे. फेब्रुवारीत मी आणि वकीलताईंची सहायक गाडी करून गेलो. आजीने आधी सगळं वाचून दाखवायला लावलं. मग विचारलं, “म्हणजे त्याची गोष्ट परत लागणार?” मी म्हटलं, प्रयत्न आहे. तिने चष्मा पुसला, पेन धरलं आणि मोडीच्या वळणाची तिची सही केली. कोणीतरी शाईचं पॅड पुढे केलं होतं, ते तिने हाताने बाजूला सारलं. आई, आजी आणि दादा यांनी आपापले हक्क लेखी माझ्या नावे केले, म्हणजे पुढच्या प्रत्येक करारावर एकाच माणसाची सही पुरेल.

याच सुमारास कॉपीराइट नोंदणी करावी का, हा प्रश्न आला. चित्रपट-मालिकेसाठी फी एका कृतीमागे ५,००० रुपये आहे. प्रत्येक भाग वेगळी कृती धरली तर १,३०,००० होतात. नोंदणी सक्तीची नाही. कृती तयार झाली की कॉपीराइट असतोच, आणि अशा कृतीवर तो प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे आमच्या मालिकेवर २०५५ च्या अखेरपर्यंत. आम्ही नोंदणी केली नाही. ज्यांच्याकडे जुनी कागदपत्रं नाहीत, त्यांनी मात्र वकिलांशी बोलून ठरवावं.

मग लेखक. ते कोल्हापूरला असतात. बाबांच्या फाइलीत त्यांच्याशी झालेला करार होता, पण एका पानाचा, आणि त्यात लिहिलं होतं ‘दूरदर्शनवरील प्रक्षेपणासाठी’. एवढंच. वकीलताईंनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. २०१२ च्या दुरुस्तीपासून कायदा म्हणतो की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय जात नाहीत. १९९४ च्या करारात ओटीटी कुठून येणार? शिवाय करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. जुन्या करारावर विसंबू नका, नवी सही घ्या, असं त्यांचं म्हणणं.

मार्चमध्ये कोल्हापूरला गेले. लेखककाकांनी दार उघडल्या उघडल्या विचारलं, “सतरावा भाग आहे ना?” तो त्यांचा सगळ्यात आवडता. वाचनालयाची वर्गणी परवडत नाही म्हणून पुस्तकं परत करायला आलेल्या मुलीचा भाग. मी पिशवीतले फितीचे तुकडे सोबत नेले होते, का ते माहीत नाही. त्यांनी ते हातात घेतले, उलटसुलट करून बघितले आणि परत दिले. चहा झाला. त्यांनी करार दोनदा वाचला. आपलं नाव श्रेयनामावलीतून काढायचं नाही आणि रकमेतला हिस्सा मिळावा, एवढ्याच दोन गोष्टी मागितल्या. दोन्ही मला मान्यच होत्या. हिस्सा ठरला आठ टक्के.

शीर्षकगीत लिहिणारे कवी हयात नाहीत. त्यांच्या पत्नी पुण्यात कर्वेनगरला राहतात. इथे कायद्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरली. गीतकार आणि संगीतकार यांचं गाणं चित्रपटगृहाबाहेर कुठेही वापरलं गेलं तर त्यांना रॉयल्टीचा समान वाटा मिळतो, आणि तो हक्क त्यांना लिहूनही सोडता येत नाही. तो जातो तो कायदेशीर वारसांकडे. काकूंना हे मी सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. यजमानांना १९९५ साली ५०० रुपये मिळाले होते, आणि त्यातून त्यांनी प्रेशर कुकर घेतला होता, एवढं त्यांनी सांगितलं. तो कुकर अजून आहे. काकूंची आणि त्यांच्या मुलाची सही, संगीतकारांची सही, मग एकामागून एक सात कलाकार किंवा त्यांचे वारस. २०१२ नंतर कलाकारांनाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीत वाटा आहे, त्यामुळे तेही सोडून चालत नाही. जुलै २०२४ पर्यंत चौदा सह्या झाल्या. संगीतकार आणि काकू यांना चार-चार टक्के, कलाकारांना मिळून चार.

सतराव्या भागाचं काय झालं, ते सांगायला हवं. यूट्यूबवर मालिकेचे अकरा भाग कोणीतरी चढवले होते, घरच्या व्हीएचएसवर टीव्हीवरून रेकॉर्ड केलेले. कंपनीला हक्क द्यायचे तर असे अनधिकृत भाग आधी काढावे लागतात. यूट्यूबचा तक्रारीचा फॉर्म सोपा आहे, दहा मिनिटांत भरून होतो. पण तो भरायच्या आधी मी त्या माणसाला निरोप पाठवला, मी कोण ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. गृहस्थ सोलापूरचे, ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी तेव्हा दर आठवड्याला मालिका रेकॉर्ड केली होती. यूट्यूबवर अकराच भाग होते, पण त्यांच्याकडे एकोणीस होते. सतरावा त्यात होता. त्यांनी सगळे व्हिडिओ स्वतःहून उतरवले आणि कॅसेट कुरिअरने पाठवली, आतून बबल रॅप, बाहेरून जुन्या धोतराचं कापड. चित्र मऊ आहे, खालच्या कडेला थरथरती रेघ आहे, मधल्या जाहिराती काढाव्या लागल्या. पण भाग आहे. लेखककाकांना मी त्याच रात्री लिंक पाठवली.

पहिल्या सिंडिकेशन कंपनीशी ऑगस्ट २०२४ मध्ये बोलणं झालं. माणसं गोड बोलणारी होती. त्यांनी पाठवलेल्या मसुद्यात एकरकमी १,५०,००० रुपये होते आणि त्याबदल्यात सर्व माध्यमं, ज्ञात आणि पुढे शोध लागणारी, संपूर्ण विश्व, कायमस्वरूपी. त्यांनी उत्तरासाठी चार दिवस दिले होते. तोपर्यंत माझे जवळपास तेवढे पैसे खर्च झाले होते, त्यामुळे सही करायचा मोह खरोखर झाला. आईने विचारलं, “पाच वर्षांनी कोणी मागितली तर आपण काय देणार?” मी नाही म्हणून कळवलं. घाई करणाऱ्या मसुद्यावर सही करू नका, हे मी बँकेत गिऱ्हाइकांना रोज सांगते. स्वतःच्या बाबतीत ते पाळायला रात्रभर जागावं लागलं.

दुसरी कंपनी सप्टेंबरमध्ये मिळाली, संकलककाकांच्या ओळखीने. तिथल्या ज्या बाईंनी माझ्याशी व्यवहार केला, त्यांनी धंदा समजावून सांगितला. हक्क म्हणजे एक शेत धरा, म्हणाल्या, त्याचे वाटे पाडून खंडाने द्यायचे. वाटा कसा पडतो? माध्यम, प्रदेश, भाषा, मुदत, किती वेळा दाखवायचं, आणि एकट्यालाच द्यायचं की अनेकांना. टीव्ही चॅनल ‘रन’ मोजतं, म्हणजे एक भाग मुदतीत किती वेळा लावता येईल. ओटीटीला मुदत महत्त्वाची. एखादं गिऱ्हाईक होल्डबॅक मागतं, म्हणजे आमच्याकडे चालू असताना अमुक महिने दुसऱ्या कुणाला देऊ नका. या प्रत्येक गोष्टीची किंमत वेगळी.

मग त्यांनी आमच्या मालिकेची अडचण सांगितली. सव्वीस भाग कमी आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज लावले तर पाच आठवडे आणि एका दिवसात संपतात. अमेरिकेत चॅनलवर चालून गेलेली मालिका सिंडिकेशनला जायची तर शंभर भागांचा आकडा धरायची पद्धत पडली ती याच हिशोबाने, कारण स्थानिक स्टेशनांना रोज लावायला पुरेसा साठा हवा. तिथे १९७० मध्ये सरकारी नियमाने मोठ्या नेटवर्कना सिंडिकेशनच्या धंद्यातून बाहेर ठेवलं. त्यामुळे सीबीएस या नेटवर्कला आपला तो विभाग वेगळा काढावा लागला, आणि त्यातून १९७१ मध्ये व्हायाकॉम ही कंपनी उभी राहिली. १९९३ पासून ते नियम सैल झाले आणि १९९५ मध्ये पूर्ण गेले. आपल्याकडे असा नियम कधी झाला असता तर किती मराठी निर्मात्यांच्या घरात आज ट्रंका असत्या, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

करारावर महिनाभर चर्चा झाली. शेवटी ठरलं ते असं: पाच वर्षं, कंपनीचं कमिशन ३० टक्के, खर्च वजा करायची कमाल मर्यादा ४०,००० रुपये, दर तिमाहीला स्टेटमेंट आणि वर्षातून एकदा हिशोब तपासायचा माझा हक्क. अठरा महिन्यांत एकही विक्री झाली नाही तर करार आपोआप संपेल. कोणी डबिंग केलं तर मुदतीनंतर त्या भाषेतली प्रत विनामूल्य आमच्याकडे येईल. वकीलताईंनी आणखी एक कलम घालायला लावलं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच आहे. कंपन्या बऱ्याचदा दहा-पंधरा कार्यक्रमांचा गठ्ठा एका रकमेला विकतात. त्या रकमेतलं आपल्या मालिकेच्या वाट्याला किती, हे कंपनीच ठरवते, आणि नावाजलेल्या कार्यक्रमाच्या नावावर बहुतेक सगळं दाखवलं तर आपल्या हाती चिल्लर उरते. आमच्या करारात लिहिलं आहे की गठ्ठ्यातली रक्कम एकूण तासांच्या प्रमाणात वाटली जाईल.

२४ ऑक्टोबर २०२४ ला सही झाली. त्याच महिन्यात महाराष्ट्रात १०० रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी ५०० चा झाला होता. मी आधीच घेऊन ठेवलेला शंभराचा कागद घरीच राहिला.

मला वाटलं आता वाट बघायची. खरं काम तेव्हा सुरू झालं. कंपनीने पानभर यादी दिली: इंग्रजी सबटायटल, संगीत कुठे किती सेकंद वाजतं याचा तक्ता, दोन मिनिटांचा ट्रेलर, गोषवारा पन्नास शब्दांत आणि दोनशे शब्दांत, आणि तांत्रिक तपासणीचा अहवाल. सबटायटल मिनिटाला १२० रुपये दराने, बावीस मिनिटांचे सव्वीस भाग, म्हणजे ६८,६४०. सगळ्यात मोठा खर्च हाच. अनुवाद करणाऱ्या मुलीला ‘पुस्तक वाळवीला दिलं’ हे वाक्य कळेना. मी तिच्याबरोबर एक रविवार बसून पहिले तीन भाग तपासले आणि मग पुढचे तिने एकटीने छान केले.

संगीताचा तक्ता करताना नवव्या भागात घोटाळा सापडला. चहाच्या टपरीवर रेडिओ लागलेला आहे आणि त्यावर एक जुनं हिंदी गाणं चाळीस सेकंद वाजतं. त्याची परवानगी फाइलीत नाही. म्युझिक कंपनीने सांगितलेली रक्कम आमच्या आवाक्याबाहेरची होती. संवादाचा वेगळा ट्रॅक नव्हता, म्हणून गाणं नुसतं पुसता येईना. शेवटी आमच्याच संगीतकारांनी एक चाल बांधून दिली, आणि त्या दृश्यातले दोन संवाद मूळ नटाने, आता अडुसष्ट वर्षांचे आहेत ते, पुन्हा म्हटले. आवाजात फरक जाणवतो, पण ऐकायला हरकत नाही. खर्च १२,०००. तुमच्या मालिकेत कुठे टीव्ही, रेडिओ, बँड किंवा लग्नाची वरात असेल तर ते भाग आधी तपासा.

चित्राच्या चौकटीवरून मात्र मी हटले नाही. जुनी मालिका ४:३ मधली, आजचे पडदे १६:९. चित्र मोठं करून वर-खाली कापून द्यावं, असं कंपनीने सुचवलं. नमुन्याला पहिल्या भागातलं एक दृश्य करून दाखवलं: ग्रंथपाल टेबलाशी बसून देवघेव रजिस्टरात नोंद करतो. कापल्यावर वर त्याचं कपाळ गेलं आणि खाली रजिस्टर गेलं. उरला फक्त हलणारा कोपर. मी तो स्क्रीनशॉट बाईंना परत पाठवला. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून मूळ चौकट द्यायचं ठरलं. सतरावा भाग ‘उपलब्ध सर्वोत्तम प्रत’ अशा नोंदीसह स्वीकारला गेला.

डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने आमची मालिका सिंगापूरच्या एशिया टीव्ही फोरमला आपल्या यादीत नेली. या धंद्याचे असे बाजार भरतात. कानमधला ऑक्टोबरचा मिपकॉम सगळ्यात मोठा. तिथलाच एप्रिलचा मिपटीव्ही २०२४ नंतर बंद झाला आणि २०२५ पासून फेब्रुवारीत लंडनला भरू लागला. तिथे आपल्या मालिकेला काय मिळतं? यादीत एक ओळ आणि कुणी विचारलं तर दोन मिनिटं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मी दर पंधरा दिवसांनी ईमेल करायचे आणि बाई दर वेळी उत्तर द्यायच्या, उत्तर ‘अजून नाही’ असलं तरी. त्या चार महिन्यांत घरात कोणी हा विषय काढला नाही.

एप्रिल २०२५ मध्ये एका मराठी ओटीटीने होकार दिला. दोन वर्षं, फक्त भारत, नॉन-एक्सक्लुझिव्ह म्हणजे इतरांनाही देता येईल असे हक्क, भागाला १२,००० रुपये. एकूण ३,१२,०००. कंपनीचं कमिशन ९३,६०० आणि ठरलेला खर्च ४०,००० जाऊन राहिले १,७८,४००. त्यावर १० टक्के टीडीएस कापला, १७,८४०. तो विवरणपत्रात मिळतो, फक्त २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, आला की नाही ते तपासा. माझा पहिल्यांदा आला नव्हता, कंपनीने पॅनमधलं एक अक्षर चुकवलं होतं. हातात आले १,६०,५६०, दोन हप्त्यांत, शेवटचा सप्टेंबर २०२५ मध्ये. त्यातून लेखक, काकू, संगीतकार आणि कलाकार यांचे मिळून २० टक्के, म्हणजे ३५,६८०, टीडीएसच्या आधीच्या रकमेवर काढून दिले. माझा खर्च प्रवास, वकील, हार्ड डिस्क सगळं धरून दोन लाख तीन हजार झाला होता. अजून मी सुमारे ७८,००० रुपये मागे आहे. परदेशातले मराठी प्रेक्षक, डबिंग आणि टीव्ही चॅनल यांचे हक्क अजून मोकळे आहेत, आणि कंपनीचं मॉरिशसमध्ये एका ठिकाणी बोलणं चालू आहे.

काकूंच्या खात्यात ७,१३६ रुपये गेले. त्यांनी बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं आणि त्या ओळीचा फोटो मुलाकडून मला पाठवला. लेखककाका ओटीटीवर सतरावा भाग बघून म्हणाले, थरथरती रेघ फार नाही दिसत. आजीने तीन भाग बघितले, चौथ्याला झोपली, आणि सकाळी उठून विचारलं की त्या मुलीला पुस्तकं मिळाली का. सतरावा अजून यायचा आहे, असं मी तिला सांगितलं.

पुढचं स्टेटमेंट जानेवारीत येईल. करार २३ ऑक्टोबर २०२९ ला संपतो. ती तारीख मी हिरव्या फाइलीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवली आहे, बाबांनी टेलिकास्टच्या तारखा जिथे लिहिल्या होत्या, त्यांच्या खाली.